यादवी, दायाद आणि भाऊबंदकी : गृहकलहाची मराठी परिभाषा आणि स्वायत्ततेचा प्रश्न

१. शब्दांचा प्रश्न

एकाच राज्यातील दोन पक्षांमध्ये होणाऱ्या सशस्त्र संघर्षासाठी मराठीत 'यादवी' हा शब्द रूढ आहे. हिंदीने 'गृहयुद्ध' हा शब्द स्वीकारला, तर युरोपीय भाषांनी लॅटिनमधून 'नागरिकांमधील युद्ध' ही कल्पना घेतली. अरबी परंपरेत 'फित्ना' हा शब्द इस्लामच्या पहिल्या शतकातील अंतर्गत युद्धासाठी (इ.स. ६५६-६६१) वापरला गेला आणि पुढे राज्यसंस्थेच्या चर्चेतही तो स्थिरावला. हे चारही शब्द स्थूलमानाने एकाच घटनाप्रकाराचे निदर्शक असले, तरी प्रत्येक शब्द त्या घटनेचे कारण वेगळ्या ठिकाणी शोधतो. लॅटिन शब्दाच्या केंद्रस्थानी नागरिक आहे, हिंदी शब्दाच्या केंद्रस्थानी घर आहे आणि अरबी शब्दात समाजाच्या कसोटीची व मोहाची छटा आहे. मराठी शब्दाने मात्र एक कथाच आपल्या पोटात घेतली आहे.

ती कथा महाभारताच्या मौसलपर्वातील आहे. प्रभासक्षेत्री मद्यधुंद यादवांनी एकमेकांचा संहार केला आणि त्यानंतर द्वारका समुद्रात बुडाली. 'यादवी' हा शब्द उच्चारताना मराठी भाषकाच्या मनात शाप, उन्माद आणि कुलक्षय या तीन गोष्टी जाग्या होतात. प्रस्तुत लेखाचा बराचसा भाग दिल्लीच्या द्वारका या उपनगरात लिहिला गेला, आणि लेखाच्या विषयाची पहिली जाणीव या नावानेच करून दिली. राजधानीच्या नैर्ऋत्येला वसवलेल्या या वस्तीत 'केंद्र आणि स्थानिक सत्ता' हा रोजच्या व्यवहाराचा विषय आहे. आणि मराठीत गृहकलहासाठी जो शब्द आहे, तो याच नावाच्या पुराणप्रसिद्ध नगरीच्या विनाशातून आलेला आहे.

मात्र मौसलपर्व बारकाईने वाचल्यास असे दिसते, की रूढ शब्दाने मूळ कथेतील एक महत्त्वाचा धागा गाळला आहे. प्रभासला भांडणाची ठिणगी पडते ती सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात. भारतीय युद्धात सात्यकी पांडवांच्या बाजूने लढला होता आणि कृतवर्मा कौरवांच्या. झोपलेल्या वीरांच्या कत्तलीत कृतवर्म्याचा हात होता, तर सात्यकीने प्रायोपवेशनास बसलेल्या भूरिश्रव्याचा वध केला होता. छत्तीस वर्षांनंतर हे दोघे एकमेकांना त्या कृत्यांचा जाब विचारतात. म्हणजे यादवी ही निव्वळ मद्याची किंवा शापाची परिणती नव्हती. आधीच्या गृहयुद्धाचा हिशेब मिटलेला नव्हता, हे तिचे निकटचे कारण होते.

दुसरा गाळलेला धागा शांतिपर्वात आहे. अंधक-वृष्णींचा संघ सांभाळणे किती अवघड आहे, आप्तांचे कठोर बोल किती सोसावे लागतात, याची तक्रार कृष्ण नारदाजवळ करतो. आणि नारद त्याला लोखंडाचे नसलेले शस्त्र वापरण्याचा सल्ला देतो. यथाशक्ती अन्नदान, क्षमा, ऋजुता आणि ज्याचा त्याचा मान राखणे हे ते शस्त्र होय. काशीप्रसाद जायसवाल यांनी 'हिंदू पॉलिटी' (१९२४) या ग्रंथात या संवादाकडे प्राचीन गणराज्यांचा पुरावा म्हणून पाहिले. तो ऐतिहासिक दावा बाजूला ठेवला तरी साहित्याच्या अभ्यासकाला एक विरोध लक्षात घ्यावा लागतो. शांतिपर्वातील यादव एका संघाचे घटक आहेत, आणि मौसलपर्वात ते लोखंडी मुसळाच्या चूर्णातून उगवलेल्या गवताने मरतात. संघ चालवण्याचे बिनलोखंडी साधन सांगितले गेले होते. ते टिकले नाही तेव्हा लोखंड आले. 'यादवी' हा मराठी शब्द फक्त शेवट लक्षात ठेवतो. संघ विसरतो.

गृहकलहाला आपण कोणते नाव देतो, यावर त्यातून कोणता धडा काढला जाईल हे बहुतांशी ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मराठी गद्यपरंपरेत या संदर्भात तीन परिभाषा आढळतात. पहिली 'दायादां'ची म्हणजे वाटेकऱ्यांची, दुसरी 'भाऊबंदकी'ची म्हणजे नैतिक अधःपाताची, आणि तिसरी 'गुलामी'ची म्हणजे तळच्या माणसाच्या मुक्तीची. या तिन्हींचा तुलनात्मक विचार येथे करावयाचा आहे.

२. आज्ञापत्र : वाटेकऱ्याची परिभाषा

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेले 'आज्ञापत्र' (इ.स. १७१५-१६) हा राज्यनीतीवरील मराठी गद्यग्रंथांत अग्रगण्य मानला जातो. त्याच्या निर्मितीचा काळ ध्यानात घेतल्याखेरीज त्याची भाषा नीट कळत नाही. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाल्यानंतर राजाराम महाराज जिंजीस गेले आणि महाराष्ट्राचा कारभार 'हुकुमतपन्हा' या अधिकाराने रामचंद्रपंतांकडे आला. औरंगजेब मराठा सरदारांना वतनांचे आमिष दाखवीत होता. त्यास उत्तर म्हणून छत्रपतींच्या बाजूनेही वतने व सरंजाम देणे भाग पडले. हणमंतराव घोरपडे यांस १६९१ मध्ये दिलेल्या आश्वासनात तर मुलूख जिंकण्याच्या टप्प्यांनुसार नेमणुका ठरवल्या असून, त्यांतील अखेरचा टप्पा दिल्लीचा आहे. केंद्र स्वतः परागंदा असताना त्याने स्थानिक पराक्रमाला भविष्यातील मुलूख तारण म्हणून दिला होता.

१७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराजांची सुटका झाली आणि त्याच वर्षी खेडजवळ ताराबाईंच्या व शाहूंच्या सैन्यांची गाठ पडली. धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि १७०८ च्या प्रारंभी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. पुढे १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांना कैदेत टाकून राजसबाईंचे पुत्र संभाजी यांना गादीवर बसवण्यात आले. आज्ञापत्र या दुसऱ्या संभाजीराजांच्या दरबारातील आहे. म्हणजेच राज्य दोन गाद्यांत विभागलेले असताना आणि त्यांतील एका गादीवर नुकताच अंतर्गत सत्तापालट झालेला असताना हा ग्रंथ अवतरला.

या पार्श्वभूमीवर ग्रंथातील वतनदारांविषयीचे प्रकरण वाचले पाहिजे. आज्ञापत्रकार देशमुख, देशपांडे, पाटील इत्यादी वतनदारांना चाकर म्हणून किंवा प्रजा म्हणूनही संबोधत नाही. तो त्यांना राज्याचे 'दायाद' समजतो. दायाद म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील हिस्सेदार. आहे त्यावर ते समाधानी राहत नाहीत, शेजाऱ्याचे बळकावू पाहतात, परचक्र आले की वतनाच्या लोभाने शत्रूशी संधान बांधतात, हे सर्व ग्रंथकाराने कठोरपणे सांगितले आहे. तथापि त्याचा निष्कर्ष निर्मूलनाचा नाही. वतनदारांची वृत्ती बुडवणे हा त्याच्या मते अन्याय आहे आणि त्यांना मोकळे सोडणे हा अनर्थ आहे. ममता आणि दंड या दोहोंच्या मध्ये त्यांना राखावे, असा तो उपदेश करतो. नवी इनामे देऊन राज्याचा वसूल कायमचा घटवू नये, हा इशाराही त्याला जोडून येतो.

येथे रूपकाची निवड निर्णायक आहे. मिताक्षरेच्या परंपरेत, जी महाराष्ट्रात प्रमाण होती, पुत्राला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क प्राप्त होतो. दायाद हा उपरा नसतो. त्याचा दावा त्रासदायक असला तरी तो मुळातच अवैध ठरवता येत नाही. वतनदाराला दायाद म्हणताच केंद्राच्या सार्वभौमत्वाची कल्पनाही बदलते. राजा हा अविभक्त कुटुंबाच्या कर्त्यासारखा होतो. त्याचा अधिकार मोठा, पण एकमेव नाही. सभासद बखरीत (सुमारे १६९७) वर्णिलेल्या शिवकालीन धोरणाशी याची तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. देशमुखांचे मजबूत वाडे पाडून त्यांना साधी घरे बांधावयास लावणे, वसुलाचे काम सरकारी कारकुनांकडे देणे, हे त्या बखरीतील शिवाजी महाराजांचे कार्य आहे. ही बखर जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिली गेली, हे विसरता येत नाही. ज्या दरबारातून वतनांच्या सनदा सुटत होत्या, त्याच दरबारात वतनदारांना आवर घालणाऱ्या राजाची कथा लिहिली जात होती. तिला केवळ स्मरणरंजन म्हणणे अपुरे ठरेल. वर्तमानाला सोसावी लागणारी तडजोड आणि भूतकाळातील आदर्श यांच्यातील ताण तेथे गद्यरूप घेतो.

आज्ञापत्राची मर्यादाही याच ठिकाणी आहे. त्याच्या कर्त्याने स्वतः हुकुमतपन्हा म्हणून वतने देण्याच्या कारभारात भाग घेतला होता, आणि त्याच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर राहिली. दायादांविषयी सावध करणारा लेखक एका दायाद गादीचा सेवक होता आणि स्वतःही वाटेकरी होता. त्यामुळे ग्रंथातील तटस्थतेचा स्वर जसाच्या तसा घेता येत नाही. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते त्या स्वराचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट गृहकलहाच्या आत उभे राहून लिहिणाऱ्याला जे दिसते, ते बाहेरून निवाडा करणाऱ्याला दिसत नाही, याचा तो पुरावा आहे.

३. करीना : स्थानिकाचे कथन

केंद्राच्या ग्रंथाला 'फितवा' म्हणून दिसणारी गोष्ट स्थानिकाला कशी दिसते, हे पाहण्यासाठी 'करीना' या लेखनप्रकाराकडे वळावे लागते. वतनाच्या तंट्यात आपल्या घराण्याची हकीकत, सेवा आणि हक्क क्रमवार मांडणारे हे निवेदन. मराठी साहित्येतिहासाने बखरीला जेवढा मान दिला, तेवढा करीन्याला दिला नाही. तो कागदपत्रांच्या दप्तरात राहिला.

रोहिडखोऱ्यातील कारीच्या जेधे देशमुखांचा करीना हे याचे उत्तम उदाहरण होय. १६५९ मध्ये अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी आदिलशाहीचे फर्मान वतनदारांना पोहोचले. काहींनी खानाचा पक्ष धरला, त्यांत खंडोजी खोपडे होते. कान्होजी जेधे मात्र पुत्रांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडण्याची तयारी त्यांनी दाखवली. या प्रसंगाकडे सामान्यतः स्वामिनिष्ठेचा दाखला म्हणून पाहिले जाते. पण हे कथन ज्या लेखनप्रकारात टिकले, तो प्रकार वतनाचा हक्क सिद्ध करण्यासाठी जन्माला आला होता. वतन सोडण्याची तयारी हीच वतन राखण्याच्या दाव्यातील सर्वांत भक्कम बाब ठरते. निष्ठा येथे निरपेक्ष भावना म्हणून येत नाही. ती परस्पर देण्याघेण्याच्या करारातील एक कलम आहे, आणि असे म्हणण्याने तिचे मोल कमी होत नाही.

आंद्रे विंक यांनी 'लँड अँड सॉव्हरिन्टी इन इंडिया' (१९८६) या ग्रंथात 'फित्ना' ही संकल्पना मराठा राज्याच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी ठेवली. स्थानिक हक्कदारांना फोडणे, त्यांच्या भांडणात मध्यस्थी करणे आणि त्यातून सत्ता विस्तारणे ही सार्वभौमत्वाची नेहमीची रीत होती, असे त्यांचे म्हणणे आहे. या मांडणीने फितुरीवरील जुना नैतिक शिक्का पुसला, हे तिचे मोठे कार्य होय. परंतु तिच्यात एक उणीव राहते. फितवा ही जर राज्यव्यवहाराची नित्याची पद्धत असेल, तर तिच्यामुळे कोणाचे गाव लुटले गेले आणि कोणाचा हात कलम झाला, हा प्रश्न गौण होतो. खंडोजी खोपड्यांना मिळालेली शिक्षा हातपाय तोडण्याची होती. करीना ही गोष्ट विसरत नाही, कारण त्याला आपल्या निवडीची किंमत सांगायची असते.

४. वारणेचा तह आणि वाटणीचे शास्त्र

दायादांची परिभाषा मान्य केली, की गृहकलहाचा शेवट विजयात होण्याऐवजी वाटणीत होतो. शाहू आणि कोल्हापूरची गादी यांच्यातील कलह १७०७ पासून जवळजवळ पाव शतक चालला. १७२७ मध्ये संभाजीराजे निजामाच्या पक्षास मिळाले. १७२८ मध्ये पालखेडला निजामाची कोंडी होऊन मुंगी-शेवगावचा तह झाला. आणि एप्रिल १७३१ मध्ये वारणेच्या तहाने दोन गाद्यांची हद्द ठरली. वारणेच्या दक्षिणेचा, तुंगभद्रेपर्यंतचा प्रदेश कोल्हापूरकडे राहिला. विजयी पक्षाने पराभूत गादी नष्ट केली नाही. पुढे सातारचे राज्य १८४८ मध्ये ब्रिटिशांनी खालसा केले. कोल्हापूरचे संस्थान मात्र १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत टिकले.

त्याच एप्रिल महिन्याच्या पहिल्या दिवशी डभईला सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पेशव्यांशी लढताना मारले गेले. एक कलह तहाने मिटला, दुसरा रणात. या दोन घटना शेजारी ठेवल्या की 'यादवी' या एकाच शब्दाने दोहोंचा निर्देश करणे किती अपुरे आहे, हे कळते. वारणेला दोन दायादांमधील हद्दीचा प्रश्न होता आणि हद्द आखता येत होती. डभईला गुजरातच्या चौथाईचा व सेनापतिपदाच्या अधिकाराचा प्रश्न होता. तेथे एकाच मुलखावर दोघांचे दावे एकमेकांवर आले होते.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊन परतले. त्यानंतर वसुलाची जी विभागणी रूढ झाली, ती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. सरदेशमुखी छत्रपतींची. चौथाईपैकी शेकडा २५ 'बाबती' म्हणून छत्रपतींकडे, शेकडा ६ 'सहोत्रा' पंत सचिवांकडे, शेकडा ३ 'नाडगौडा' छत्रपतींच्या मर्जीनुसार, आणि उरलेला शेकडा ६६ 'ऐन मोकासा' सरदारांकडे. शिवाय एकाच प्रांतात अनेकांचे अंमल गुंतलेले असत. न्यायमूर्ती रानडे यांनी आपल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथात (१९००) या रचनेकडे अराजकातून व्यवस्था निर्माण करणारी संघीय युक्ती म्हणून पाहिले. सर्वांचे हितसंबंध एकमेकांत गुंतले म्हणजे कोणालाच फुटून जाणे परवडणार नाही, हे तिचे तत्त्व. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या लेखनात मात्र सरंजामदारीकडे विघटनाचे बीज म्हणून पाहण्याचा कल प्रबळ आहे.

दोन्ही मतांत तथ्य आहे, कारण दोघे वेगवेगळ्या काळांकडे पाहत आहेत. गुंतवणुकीची ही युक्ती वसूल वाढता असेपर्यंत चालली. वाटणी करण्याजोगे नवे काही राहिले नाही, तेव्हा त्याच गुंत्यातून १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे-होळकर लढले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला आणि पेशवे तैनाती फौजेच्या आश्रयाला गेले. संघातील वाद संघाच्या चौकटीत सोडवणारी मान्य यंत्रणा नव्हती. म्हणून बाहेरचा मध्यस्थ आला आणि तोच मालक झाला. मराठा संघाच्या इतिहासाचा संस्थात्मक धडा येथे आहे.

५. भाऊबंदकी : नैतिक परिभाषेचा उदय

विसाव्या शतकाच्या आरंभी हा संस्थात्मक धडा मागे पडून दुसरी परिभाषा पुढे आली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'भाऊबंदकी' हे नाटक १९०९ चे. सुरतेच्या काँग्रेसमधील फुटीला तेव्हा दोन वर्षे झाली होती आणि लोकमान्य टिळक मंडालेच्या कारागृहात होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला नारायणराव पेशव्यांचा खून, राघोबादादा व आनंदीबाई यांची महत्त्वाकांक्षा आणि रामशास्त्र्यांची निःस्पृहता ही या नाटकाची सामग्री.

शीर्षकाचा शब्दच अर्थपूर्ण आहे. 'दायाद' आणि 'भाऊबंद' हे दोन्ही शब्द आप्तसंबंधांचेच. परंतु दायाद हा हक्काचा शब्द आहे, तर भाऊबंदकी हा दोषाचा. दायादाशी तह करता येतो. भाऊबंदकी फक्त सोडून देता येते. खाडिलकरांनी राजकीय संघर्ष शनिवारवाड्याच्या आत आणला आणि त्याचे कारण स्वभावात शोधले. लोभ, मत्सर, दुबळेपणा ही त्याची मुळे ठरली. नाट्यदृष्ट्या हे समर्थच आहे. त्याचा एक अपरिहार्य परिणाम मात्र झाला : गृहकलहावरील उपाय 'एकी' हा एकच उरला. मराठी सार्वजनिक भाषणांत 'दुहीचा शाप' हा शब्दप्रयोग आजही जो येतो, त्याच्या पाठीमागे ही परिभाषा आहे. शाप म्हटले की कारणे विचारण्याचे प्रयोजन उरत नाही.

ल्यूकनच्या लॅटिन महाकाव्याशी येथे तुलना उद्बोधक ठरेल. सीझर आणि पाँपी यांचे युद्ध नागरिकांमधील युद्धाच्याही पलीकडचे आहे, असे तो कवी आरंभीच सुचवतो, कारण दोघे सासरा-जावई होते. तेथेही आप्तत्व हे भीषणता वाढवणारे तत्त्व आहे. परंतु ल्यूकनला गमावलेले प्रजासत्ताक आठवत राहते. युद्धाने कोणती संस्था मोडली, हे तो विसरू देत नाही. खाडिलकरांच्या नाटकात ही जागा रामशास्त्री भरून काढतात. देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय देणारा न्यायाधीश हा तेथे संस्थेचा एकमेव शिल्लक अवशेष आहे. 'भाऊबंदकी' आज पुन्हा वाचावयाचे असेल तर राघोबादादांच्या मनोविश्लेषणापेक्षा रामशास्त्र्यांच्या एकाकीपणाकडे लक्ष द्यावे, असे वाटते. न्यायाची संस्था एका माणसाच्या चारित्र्यावर उभी असेल, तर तो निघून गेल्यावर काय राहते, हा प्रश्न नाटक उपस्थित करते आणि अनुत्तरित सोडते.

६. गुलामी : तिसरी परिभाषा

वरील दोन्ही परिभाषांत एक गोष्ट समान आहे. दायाद असोत वा भाऊबंद, दोघेही वाटेकरी आहेत. ज्यांना वाटाच नव्हता त्यांचे काय, हा प्रश्न मराठीत प्रथम ठामपणे विचारला तो जोतीराव फुल्यांनी, आणि तो विचारताना त्यांच्यासमोर एका परक्या गृहयुद्धाचे उदाहरण होते. 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केला. अमेरिकेतील युद्ध (१८६१-१८६५) संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती. त्या युद्धातून फुल्यांनी अखंडतेचा धडा घेतला नाही. त्यांनी मुक्तीचा धडा घेतला. हा भेद लहान नाही.

अमेरिकेतील दक्षिणेकडील राज्यांनी आपली बाजू 'राज्यांचे हक्क' या भाषेत मांडली, असा समज आहे. वस्तुतः डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघताना साऊथ कॅरोलायनाने केलेल्या तक्रारींत उत्तरेकडील राज्ये पळून आलेल्या गुलामांना परत देत नाहीत, ही तक्रार ठळक होती. १८५० च्या संघराज्यीय कायद्याने ते बंधन घातले होते. उत्तरेतील अनेक राज्यांनी आपल्या कायद्यांनी त्याला आडकाठी केली, आणि १८५९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिन राज्याच्या न्यायालयाविरुद्ध निकाल दिला. म्हणजे गुलामांच्या मालकांना केंद्राची सत्ता हवी होती तेव्हा हवी होती, आणि नको झाली तेव्हा स्वायत्तता आठवली. उलटपक्षी, मुक्तीच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनीही काही काळ स्थानिक स्वायत्ततेचाच आधार घेतला. स्वायत्तता हे मूल्य स्वतःपुरते पुरेसे नाही. ती कोणाची आणि कोणासाठी, हे विचारावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारात हा प्रश्न पूर्ण तीव्रतेने येतो. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनांसंबंधी सुधारणा विधेयक मांडले. तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात गावाची व सरकारची अमर्याद चाकरी करायला लावणारे हे वतन त्यांच्या दृष्टीने बेडी होते. आज्ञापत्रातील वतनदार राज्याचा हिस्सेदार आहे. गावकुसाबाहेरचा वतनदार मात्र कोणाचाच दायाद नव्हता. एकाच शब्दाखाली झाकलेले हे अंतर मराठ्यांच्या इतिहासाच्या बहुतेक अभ्यासकांनी दुर्लक्षिले. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी दिल्लीत संविधान सभेपुढे मसुदा मांडताना आंबेडकरांनी दोन गोष्टी सांगितल्या. भारताचा संघ हा घटकराज्यांमधील कराराचे फलित नसल्याने कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही. अमेरिकेला हे तत्त्व प्रस्थापित करण्यासाठी गृहयुद्ध करावे लागले, तेव्हा आपण ते आरंभीच स्पष्ट केलेले बरे, ही पहिली. आणि खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर असून त्याला संविधानाचे एकक मानले नाही याचा आनंद आहे, ही दुसरी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी फितुरीचा इतिहासही आठवला. शिवाजी महाराज लढत असताना इतर मराठा सरदार मोगलांच्या बाजूने लढत होते, याचे स्मरण त्यांनी सभेला दिले.

वरवर पाहता येथे 'दुहीचा शाप' ही जुनी परिभाषा पुन्हा बोलते आहे. तथापि आंबेडकरांचा उपाय वेगळा आहे. ते एकीचे आवाहन करून थांबत नाहीत. सामाजिक विषमता राहिली तर जे तिच्याखाली दडपले आहेत तेच लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील, असा इशारा त्याच भाषणात आहे. म्हणजे गृहयुद्धाचे बीज त्यांना दायादांच्या लोभात किंवा भावांच्या मत्सरात दिसत नाही. ज्यांना वाटा मिळाला नाही त्यांच्या वंचनेत दिसते. मजबूत केंद्राचा त्यांचा आग्रह याच्याशी निगडित आहे. गावाच्या सत्तेविरुद्ध दाद मागण्याची जागा गावाबाहेरच असणार होती.

या भूमिकेवरही आक्षेप घेता येतो. दूरचे केंद्र न्यायी असेलच असे नाही, आणि गावाला सत्ता नाकारल्याने गावातील जुनी सत्ता नाहीशी होत नाही. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना फुल्यांनी हेच दाखवले होते, की दूरच्या सरकारचे दुर्लक्ष आणि जवळच्या कामगाराची लूट ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना संविधानात स्थान दिले आणि त्याचबरोबर अनुसूचित जाती-जमातींसाठी व स्त्रियांसाठी जागा राखून ठेवल्या. स्वायत्तता देताना तिच्या आतील दुर्बलांचे संरक्षण केंद्रीय कायद्याने करणे, ही तडजोड आज्ञापत्रातील ममता-दंडाच्या सूत्राहून निराळी आहे. तेथे राखायचा होता वतनदार. येथे राखायचा आहे तो वतनदाराच्या हाताखालचा माणूस.

७. समारोप

द्वारका ज्या दिल्लीत आहे, तेथे निवडलेली विधानसभा आहे, महानगरपालिका आहे, आणि जमिनीचे नियोजन १९५७ पासून केंद्राच्या अखत्यारीतील विकास प्राधिकरणाकडे आहे. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेल्या विधानसभेच्या अधिकारांचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे २०१८ आणि २०२३ मध्ये गेला, आणि २०२३ च्या निकालानंतर त्याच वर्षी संसदेने नवा कायदा केला. २०१२ मध्ये महानगरपालिकेचे तीन भाग झाले आणि २०२२ मध्ये ते पुन्हा एक झाले. या वादात कोणता पक्ष योग्य, हा या लेखाचा विषय नाही. हे दावे न्यायालयात आणि संसदेत लढवले जात आहेत, ही गोष्ट मात्र १८०२ च्या पुण्याकडे पाहिल्यावर लहान वाटत नाही. मराठा संघाजवळ जी यंत्रणा नव्हती, ती येथे आहे. तिचा निर्णय सर्वांना सारखाच पटतो असे नाही. पण बाहेरचा मध्यस्थ बोलवावा लागत नाही.

तीन परिभाषांपैकी कोणतीही एक पुरेशी नाही. दायादांची परिभाषा वाटणी शिकवते, पण वाटा नसलेल्यांना पाहत नाही. भाऊबंदकीची परिभाषा हळहळ जागवते आणि कारणे झाकते. मुक्तीची परिभाषा तळच्या माणसाला मध्यभागी आणते, परंतु केंद्रावर तिने टाकलेला विश्वास प्रत्येक पिढीला पुन्हा तपासावा लागतो. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाचे काम या तिघींचे मिश्रण करण्याचे नाही. कोणत्या ग्रंथात कोणती परिभाषा बोलते आणि तिने कोणाला अदृश्य केले, हे दाखवण्याचे आहे. त्यासाठी आज्ञापत्र आणि बखरी यांच्याबरोबर करीने, महजर व वतनांचे निवाडे हेही साहित्य म्हणून वाचले गेले पाहिजेत. महाराष्ट्रातील दप्तरांत ते मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांत पराभूत पक्षाचा आवाज ऐकू येतो.

'यादवी' हा शब्द मराठीतून जाणार नाही आणि जाऊही नये. तो वापरताना प्रभासच्या गवताबरोबर शांतिपर्वातील तो संवादही आठवावा, आणि सात्यकी-कृतवर्म्याच्या न मिटलेल्या हिशेबाचेही भान असावे, एवढीच प्रस्तुत लेखकाची सूचना आहे.